रेखाचित्रातली रेघ गोधडीवर : शिवण करावी की टाका?

सुईरेघ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी गेली अकरा वर्षे घरच्या घरी गोधड्या शिवते. सुरुवात सासूबाईंच्या नऊवारी लुगड्यांपासून झाली आणि आता दोन कपाटे तुकड्यांनी भरली आहेत. आजवर माझे नमुने ठरलेले असत : चौकटी, त्रिकोण, मधोमध कमळ, कडेला काठाची पट्टी. मागच्या हिवाळ्यात बालगंधर्व कलादालनात एका तरुण चित्रकर्तीच्या रेखाटनांचे प्रदर्शन पाहिले आणि तेव्हापासून जे डोक्यात घोळत आहे, ते इथे सविस्तर मांडते. इथे सुई धरणारे आणि पेन्सिल धरणारे असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत आणि मला दोघांचेही मत हवे आहे.

त्यातल्या एका चित्रापाशी मी बराच वेळ उभी होते. दोन वीत रुंदीचा पांढरा कागद, त्यावर काळ्या शाईच्या आडव्या रेघा, बाकी काही नाही. वर त्या विरळ होत्या, खाली येताना एकमेकींजवळ सरकत गेल्या आणि एका ठिकाणी इतक्या दाटल्या की तिथे कागद खोलगट झाल्यासारखा वाटला, जणू मागून कुणीतरी तो आत ओढून धरला आहे. त्यानंतर पुन्हा विरळ. छायाचित्र काढायला मनाई होती, म्हणून पिशवीतल्या हिशेबाच्या वहीत मी फक्त अंतरे टिपून घेतली. सर्वांत मोठे अंतर १६ धरले तर पुढची १४, ११, ९, ६, ४, ३, २. त्या चित्रात नाव देता येईल असा एकही आकार नव्हता. होती ती फक्त अंतरे, आणि तरीही मला ती गोधडी वाटली.

पहिला प्रयत्न फसला. रेघ म्हणजे काळी पट्टी असे धरून मी काळ्या खादीच्या पाव इंची पट्ट्या आणि पांढऱ्या मांजरपाटाच्या कमी-जास्त रुंदीच्या पट्ट्या जोडत गेले. पाव इंच पट्टी दिसायची तर दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया (शिवणीत आत जाणारे जादा कापड) धरून पाऊण इंच कापड कापावे लागते, म्हणजे दिसते त्याच्या दुप्पट कापड मागे दडून राहते. विरळ भागात हे खपून गेले. दाट भागात मात्र मायेवर माया चढली, कापड पुठ्ठ्यासारखे कडक झाले आणि अंगुस्तान घालूनही त्यातून सुई जाईना. काळी माया पांढऱ्या कापडाखालून राखाडी दिसू लागल्यामुळे रेघेची कड हरवली. शिवाय ३१ काळ्या पट्ट्यांच्या ६२ शिवणी. प्रत्येक शिवणीत एकच मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी शेवटी सहा सेंटिमीटरांची तूट येते, आणि ती आलीच.

दुसऱ्या वेळी मी काही जोडलेच नाही. वर सासऱ्यांचे जुने धुतलेले धोतर, आत लुगड्याचे दोन पदर, खाली मांजरपाट असे थर घातले आणि वहीतल्या अंतरांनुसार काळ्या दोऱ्याने नुसता धावदोरा घालत गेले. तेव्हा माझ्या लक्षात आले की टाका हा कापडावर नुसता उमटत नाही, तो कापडाला खाली दाबतो. दोन ओळी दूर असल्या की मधले कापड फुगून वर येते आणि जवळ आल्या की फुगवटा उरत नाही, तिथे गोधडी सपाट आणि घट्ट होते. कागदावर जो खोलगटपणा केवळ डोळ्यांना भासत होता, तो इथे हाताला लागत होता.

म्हणून माझा मुद्दा असा आहे. चित्रकाराच्या हातात एकच रेघ असते, पण गोधडीत रेघा दोन प्रकारच्या असतात. शिवण ही दोन कापडांमधली सीमा आहे. तिच्या अलीकडे एक रंग, पलीकडे दुसरा. टाका ही सीमा नाही. तो एकाच कापडावरून चालत जातो आणि खालचे थर बांधून ठेवतो. रेखाचित्रावरून गोधडी करायला बसताना पहिला प्रश्न रंगाचा किंवा मापाचा नसून, ही रेघ कोणत्या जातीची आहे, हाच असला पाहिजे असे मला वाटू लागले आहे.

या निमित्ताने मी नसरीन मोहमदी यांची रेखाटने छापील स्वरूपात पुन्हा नीट पाहिली. त्यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला, १९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत होत्या आणि १९९० साली त्या गेल्या. शाई, पेन्सिल आणि आरेखनाची उपकरणे एवढ्याच सामग्रीवर त्यांनी जाळ्या आणि तिरप्या रेघांचे पट्टे काढले. त्यांच्या रेघा मला शिवणीच्या वाटतच नाहीत. त्या कशालाही विभागत नाहीत, त्या कागदावरून जातात आणि थांबतात. ॲग्नेस मार्टिन (१९१२-२००४) यांच्या सहा फूट चौरस कॅनव्हासवरच्या पेन्सिलीच्या जाळ्यांचेही तसेच. लांबून ते एक धूसर पांढरेपण दिसते आणि जवळ गेल्यावर कळते की रेघ हाताने ओढलेली आहे, कॅनव्हासच्या विणीवर ती अडखळते, पुढे जाते. हातशिलाईचा धावदोरा याहून काय वेगळा असतो?

आता अडचण. दाट भागातल्या टाक्यांनी कापड आत ओढले आणि तिथे गोधडीची रुंदी दोन्ही बाजूंनी मिळून दीड इंचाने कमी भरली. कडा सरळ राहिल्या नाहीत, कमरेसारख्या आत वळल्या. त्या कापून सरळ कराव्यात की तशाच ठेवाव्यात? आणि तुम्ही कुणाच्या रेखाचित्रांकडे पाहून काम केले असेल, तर कृपया लिहा.


नवशिकी

ताई, फारच सुंदर लिहिले आहे. मी आत्ता कुठे पहिले दुपटे पूर्ण केले. एवढ्या रेघा कापडावर आखता कशाने? माझ्या टेलरिंगच्या खडूची खूण अर्ध्या तासात पुसली जाते.


सुईरेघ

सरळ रेघांसाठी मी कागदी चिकटपट्टी लावते आणि तिच्या कडेने टाके घालते. एक पट्टी चार-पाच वेळा उचलून पुन्हा लावता येते. रात्रभर मात्र कापडावर ठेवायची नाही, गोंद उतरतो. छोट्या भागासाठी घडी घालून नखाने दाबलेली रेघही पुरते. पाण्याने पुसली जाणारी निळी पेने मिळतात, पण त्या खुणेवर चुकूनही इस्त्री फिरवू नका, उष्णतेने ती पक्की बसते आणि मग धुऊनही जात नाही. जुन्या साड्या वापरणार असाल तर लाल आणि गडद निळ्या रंगावर आधी ओला पांढरा फडका घासून पाहा. माझे एक पांढरे अस्तर पहिल्याच धुण्यात गुलाबी झाले होते.


चौघडी

सुईरेघ ताई, तुमचा शिवण आणि टाका हा भेद मला पूर्ण पटला, कारण आमच्या कोथरूडच्या सहाजणींच्या गटाने नकळत नेमके त्याच वाटेने काम केले आहे.

आमच्यातल्या एकीने सोल लुइट यांच्याविषयी वाचले होते. हे अमेरिकन चित्रकार (१९२८-२००७). १९६८ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या पॉला कूपर गॅलरीत थेट भिंतीवर पेन्सिलीने पहिले रेखाटन केले आणि पुढे अशी शेकडो भित्तिरेखाटने झाली. त्यांची रीत अशी की चित्रकाराने सूचना लिहायच्या आणि प्रत्यक्ष रेघा इतरांनी ओढायच्या. त्यांच्या सुरुवातीच्या कामाचा पाया अगदी साधा आहे : उभी, आडवी, डावीकडे कललेली आणि उजवीकडे कललेली अशा चारच प्रकारच्या सरळ रेघा. या चार गोष्टी चार घरांत मांडण्याचे प्रकार होतात २४.

हा २४ आकडा ऐकताच आमच्यातल्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका सरसावून बसल्या. एका पलंगाची गोधडी ६० बाय ९० इंचांची. १५ इंचांचे चौकोन केले तर आडवे ४ आणि उभे ६, बरोबर २४. प्रत्येक चौकोनाचे साडेसात इंचांचे चार भाग, प्रत्येक भागात एका दिशेचा धावदोरा, दोन ओळींत अर्धा इंच अंतर. एकही मांडणी दोनदा येत नाही आणि एकही राहत नाही. दोऱ्याचा हिशेबही त्यांनी आधीच मांडला : ५,४०० चौरस इंच क्षेत्र, अर्ध्या इंचावर ओळ, म्हणजे १०,८०० इंचांची, जवळपास २७५ मीटर लांबीची टाक्यांची ओळ. टाके वर-खाली जातात म्हणून त्याहून बराच जास्त दोरा लागला. रविवार पेठेत जाऊन एकाच लॉटच्या गुंड्या आणल्या होत्या, तरी शेवटचे दोन चौकोन दुसऱ्या लॉटचे आहेत आणि उन्हात ते किंचित निळसर दिसतात.

आम्ही प्रत्येकीला कागदावर फक्त सूचना दिली, आखणी दिली नाही. परिणाम असा की एकीचे टाके इंचात सात, दुसरीचे चार. एकीचा दोरा घट्ट, दुसरीचा सैल. थोडी लांब बसून पाहिले की कोणता चौकोन कुणाचा ते सांगता येते. सुरुवातीला मला हे खटकले आणि ते उसवून सारखे करावे असे मी म्हटलेही होते. आता मला वाटते की ते उसवले असते तर त्या गोधडीत पाहण्यासारखे फार थोडे उरले असते. लुइट यांच्याही भिंतींवर रेघा ओढणाऱ्यांचे हात वेगवेगळे असत आणि ते त्या लोकांची नावे देत असत. आम्ही मागच्या बाजूला सहाजणींची नावे भरली आहेत.

एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवावी. आडव्या-उभ्या ओळी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांवरून जातात, त्यामुळे त्या निमूट बसतात. तिरप्या ओळी उरेब जातात आणि उरेब कापड ताणले जाते. आमच्या पहिल्या चार चौकोनांत वरचा थर सरकून कोपऱ्यांत चुण्या आल्या. नंतर आम्ही दर चार इंचांवर कच्चे टाके घालून थर आधी पक्के टाचून घेतले आणि तिरपे भाग सर्वांत शेवटी घेतले.


वाकळ

हा धागा वाचताना आनंद झाला, पण एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. न्यूयॉर्क आणि कलादालने यांच्याकडे आपण का पाहतो आहोत? माझी आजी पुरंदर तालुक्यातली. तिच्या वाकळेवर कडेपासून सुरू होऊन आत आत जाणारे चौकोनावर चौकोन आहेत, मधोमध शेवटचा टाका. तिला कुणी ॲग्नेस मार्टिन दाखवली नव्हती. रेघांमधील अंतर, दाटी, लय हे सगळे तिच्या हातात होते. आपल्याच घरात जे आहे ते चित्रकाराने कागदावर काढल्यावरच आपल्याला दिसते, याचे मला वाईट वाटते.


आरेखन

वाकळ, तुमच्या म्हणण्यातली वेदना खरी आहे. मी चित्रकला शिकवतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रिया जुन्या कामाच्या कपड्यांपासून, विटलेल्या जीनच्या गुडघ्यांपासून पिढ्यान् पिढ्या गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या, तेव्हा पाहणाऱ्यांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. त्यांचा ‘हाउसटॉप’ नावाचा नमुना तुमच्या आजीच्या वाकळेप्रमाणे चौकोनात चौकोन असाच असतो, फक्त तो टाक्यांनी नव्हे तर पट्ट्या जोडून, म्हणजे सुईरेघ यांच्या भाषेत शिवणीने केलेला असतो. त्या तुलनेतली अडचण तुम्ही म्हणता तीच : गोधडीला मान मिळण्यासाठी ती चित्रासारखी दिसावी लागली.

परंतु सुईरेघ उलट दिशेने निघाल्या आहेत असे मला वाटते. चित्रासारखी गोधडी करणे हा त्यांचा हेतू नाही. चित्र पाहून त्यांना टाका म्हणजे काय हे कळले, आणि ते कळल्यावर तुमच्या आजीची वाकळ आधी दिसली नसती तेवढी स्पष्ट दिसेल. तुमच्याकडे ती वाकळ असेल तर एक विनंती आहे. ती पालथी घाला आणि कडेपासून आत जाताना दोन ओळींमधली अंतरे मोजा. ती सर्वत्र सारखी आहेत का?


वाकळ

काल रात्री मोजली. सारखी नाहीत. कडेच्या पहिल्या नऊ ओळी बोटाच्या पेरापेक्षाही जवळ आहेत, पुढे अंतर वाढत वाढत मधोमध दोन बोटांचे झाले आहे. आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली की कड आधी झिजते, ओढाताण तिथेच होते, म्हणून तिथे टाके दाट घालायचे आणि मधला भाग अंगावर मऊ राहिला पाहिजे म्हणून तिथे विरळ. तिरप्या प्रकाशात धरल्यावर मधला भाग उशीसारखा वर आलेला दिसतो. मी या वाकळेखाली वीस वर्षे झोपलो आहे आणि हे मला आजवर दिसले नव्हते.

आजीने हे दिसण्यासाठी केले नव्हते, हे मात्र पुन्हा सांगतो.


आलेखवही

मी शिवणाच्या बाजूने बोलते, कारण इथे टाक्याचेच पारडे जड झाले आहे. काही रेखाटने अशी असतात की त्यांतली रेघ ही सीमाच असते आणि तिथे टाका अपुरा पडतो.

ब्रिजेट रायली या ब्रिटिश चित्रकर्तीचे १९६१ सालचे ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ पाहा. काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा पट, पण चौकोनांची उंची सारखी राहते आणि रुंदी कमी कमी होत जाते, त्यामुळे पट एका ठिकाणी आत दुमडल्यासारखा दिसतो. सुईरेघ यांच्या चित्रातला खोलगटपणा हाच. रायली आपली चित्रे आधी आलेख कागदावर बेतत आल्या आहेत आणि आलेख कागद म्हणजे तुकडेजोड करणाऱ्यांचे माहेर.

या तत्त्वावर मी स्वतःची मापे धरून एक गोधडी केली. चौकोन एक-एक कापून जोडू नयेत. काळ्या-पांढऱ्या साडेतीन इंची आडव्या पट्ट्या एकाआड एक अशा १६ जोडाव्यात. तयार झाल्यावर प्रत्येक पट्टी तीन इंच दिसते आणि ४८ इंचांचा पट्टेरी पडदा मिळतो. मग तो वरून खाली उभा कापावा. दिसणारी रुंदी ३, अडीच, २, दीड, १ आणि पाऊण इंच, नंतर त्याच क्रमाने वाढत. प्रत्येक कापात अर्धा इंच माया धरावी. पट्ट्यांची संख्या सम असल्यामुळे एकाआड एक काप उलटा फिरवला की काळ्याशेजारी पांढरा आपोआप येतो. सर्व आडव्या शिवणींची माया काळ्या पट्टीकडे इस्त्री करून बसवली असेल, तर उलट्या कापात ती विरुद्ध दिशेला जाते आणि दोन्ही शिवणी एकमेकींत अडकून बसतात; टाचणी न लावताही कोपरे जुळतात. हे पहिल्यांदा जुळलेले पाहिले तेव्हा मी मशीन थांबवून घरातल्यांना हाका मारल्या होत्या.

पाऊण इंचाखाली जाण्याचा मोह टाळावा. अर्धा इंच रुंदीच्या पट्टीला एक इंच कापड लागते, म्हणजे सगळा मागचा भाग मायेनेच भरून जातो. तिथे सुईरेघ यांचा पुठ्ठा होणारच.


माजघर

मी इथे बहुधा वाचतच असते, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडून आता सात वर्षे झाली. त्या जागी इमारत उभी आहे आणि त्याच इमारतीत आम्हाला तिसऱ्या मजल्यावर घर मिळाले आहे. जागा तीच, तरी कुठे काय होते ते बोट ठेवून दाखवता येत नाही. त्या सुमारास मी झरीना हाश्मी यांची मुद्राचित्रे पाहिली. अलीगढमध्ये १९३७ साली जन्मलेल्या झरीना गणित शिकल्या, आयुष्यभर देशोदेशी राहिल्या आणि २०२० साली लंडनमध्ये वारल्या. राहिलेल्या घरांचे आराखडे त्यांनी काळ्या रेघांत काढले आहेत, त्यांत वडिलांच्या अलीगढच्या घराचाही आहे. माणूस नाही, सामान नाही, झाड नाही. भिंतींच्या रेघा आणि दारांच्या जागी सोडलेली फट.

मी वाड्याचा आराखडा गोधडीवर घेतला. मोजमापे वडिलांच्या जुन्या कागदांत मिळाली. वाड्याचा एक फूट म्हणजे गोधडीचा एक इंच असे धरले आणि ४८ बाय ७२ इंचांत सारे बसले : देवडी, चौक, हौद, पडवी, माजघर, देवघर, कोठीची खोली, जिना. भिंती मी शिवणीने केल्या, म्हणजे आईच्या विटकरी इरकलीच्या पट्ट्या पांढऱ्या कापडात जोडल्या, कारण भिंत ही सीमाच असते. दाराच्या ठिकाणी पट्टी तोडली.

पुढे काय करावे ते सुचेना आणि गोधडी तीन महिने तशीच घडी घालून पडली. मग एके दिवशी मी आईला तिच्यासमोर बसवले आणि विचारले की सकाळी उठल्यावर तू कुठून कुठे जात होतीस. आईने बोट फिरवले. माजघरातून पडवीत, पडवीतून हौदावर, तिथून भरलेली कळशी घेऊन स्वयंपाकघरात, मग देवघर. मी तिच्या बोटामागून खडू ओढत गेले. ती वाट मी धावदोऱ्याने घातली. वडिलांची वेगळी, आजोबांची वेगळी, आम्हा मुलांची तर चौकात सगळी गुंतागुंत. हौदाजवळ इतक्या वाटा एकत्र आल्या की तिथे टाक्यांनी कापड खाली बसले आहे. जिन्याखालची जागा मात्र फुगलेली राहिली, तिकडे कुणी जात नसे.

शिवण की टाका, या प्रश्नाला माझ्या गोधडीत तरी हे उत्तर मिळाले. भिंती शिवणीच्या, माणसे टाक्याची.


नवशिकी

हे वाचून मी बराच वेळ काही केले नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.


पालघर ते पुणे

वारलीविषयी अजून कुणी लिहिले नाही आणि पुण्यात वारली नमुन्याच्या चादरी, उशांचे अभ्रे जागोजागी दिसतात, म्हणून लिहितो.

जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८, पद्मश्री २०११) हे आपल्या काळातले चित्रकार होते, त्यांना केवळ ‘लोककला’ या खणात ठेवू नये. वारली चित्र हे मुळात लग्नप्रसंगी सवाष्णींनी भिंतीवर काढायचा चौक. म्हसे यांनी ते रोज काढायला घेतले आणि कागदावर, कापडावर आणले. त्यांची माशांच्या जाळ्यांची चित्रे जरूर पाहावीत. पांढऱ्या बारीक रेघांचे विशाल जाळे जवळपास सगळी जागा व्यापते आणि माणसे अगदी छोटी, कडेला. त्या जाळ्याची वीण एकसारखी नाही, ती पसरते, आवळते, वळते.

गोधडी करणाऱ्यांनी नाचणारी त्रिकोणी माणसे छापासारखी उचलू नयेत असे माझे ठाम मत आहे. त्या माणसांना, त्या तारपा वाजवणाऱ्याला एका समाजाच्या जीवनात अर्थ आहे, आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तशा आकृतींची गोधडी हवी असेल तर वारली चित्रकाराकडून कापडावर चित्र काढून घ्यावे, त्याचे पैसे द्यावेत आणि भोवती आपले टाके घालावेत. जाळ्याकडून शिकायचे ते वेगळे आहे : एकच बारीक रेघ न कंटाळता किती दूर नेता येते ते.


कायदेवाचक

वरच्या मुद्द्याला जोडून. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि निधनानंतरच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे राहतो. म्हणजे नसरीन मोहमदी यांच्या चित्रांवर २०५० च्या अखेरपर्यंत. कागदाऐवजी कापड वापरले म्हणून नक्कल ही नक्कल राहत नाही, असा समज चुकीचा आहे. कल्पनेवर मात्र प्रताधिकार नसतो. चार दिशांच्या २४ मांडण्या हे गणित आहे, रेघा दाटत नेणे ही रीत आहे. ती कुणाच्या मालकीची नाही. विशिष्ट चित्र हुबेहूब उतरवून विकणार असाल, तर परवानगी घ्यावी. सुईरेघ यांनी अंतरे टिपून आणली ती ओळखीच्या मैत्रिणीची चित्रे नव्हती, तेव्हा प्रदर्शनात मांडण्याआधी त्या चित्रकर्तीला एकदा दाखवणे शोभून दिसेल.


गोट

मूळ प्रश्न राहूनच गेला, कडांचा. सुईरेघ ताई, कापू नका. कापल्यास दाट भागातले टाके कडेला तुटतील आणि दोरा उसवत आत जाईल. कडा सरळच हव्या असतील तर पुढच्या वेळी वरचा थर चारही बाजूंनी तीन इंच मोठा घ्या, दाट भाग आधी पूर्ण करा आणि मग बाकीच्या ओळी त्या आकसलेल्या मापाला धरून आखा. या गोधडीला मात्र उरेब पट्टीचा गोट लावा. सरळ पट्टी वळणावर चुण्या धरेल, उरेब पट्टी वळेल. सव्वादोन इंच रुंद कापा, दुहेरी घडी घाला आणि वळणावर पट्टी ओढू नका, नुसती ठेवत जा.


सुईरेघ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उशिरा लिहिते आहे, कारण गोट हातानेच लावत होते.

कायदेवाचक यांच्या सूचनेप्रमाणे कलादालनाकडून त्या चित्रकर्तीचा निरोपाचा पत्ता मिळवला आणि मागच्या रविवारी त्या घरी येऊन गेल्या. गोधडी पलंगावर पसरली होती. त्यांनी आधी ती पाहिली नाही, तळहात ठेवून वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि दाट भागाशी थांबल्या. मग म्हणाल्या की कागदावर तिथे मी रेघ ओढताना श्वास धरून ठेवत असे. मी सांगितले की तिथे मला दोरा सैल सोडावा लागत होता, नाहीतर कापड अजून आवळले असते. आम्ही दोघी बराच वेळ याविषयीच बोलत होतो. माझ्या वहीतली अंतरे त्यांनी तपासली, त्यांत ९ नंतर एक ७ राहून गेला होता.

वाकळ, तुमच्या आईंनी सांगितलेले कडेचे शास्त्र मी या गोधडीत पाळले नव्हते. वरची आणि खालची कड विरळच आहे आणि तिथले कापड आत्ताच थोडे सैल वाटते. पुढच्या गोधडीत कडेच्या नऊ ओळी आजींच्या अंतराने घालणार आहे आणि चित्र त्यांच्या आत सुरू करणार आहे. शक्य असल्यास पेरापेक्षा जवळ म्हणजे नेमके किती, ते मोजपट्टीने मोजून कळवाल का?


वाकळ

मोजले. पहिल्या पाच ओळींत एक सेंटिमीटर, पुढच्या चारांत दीड. दोरा पांढरा, दुपदरी, गाठी सगळ्या आतल्या थरात लपवलेल्या आहेत.